घरात दिव्याखाली झाड लावायचंय, सुरुवात कुठून करू? (मुंबई, ऊन शून्य)

खिडकीपुरता | १४ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

भांडुपला दुसऱ्या मजल्यावर राहतो, आई आणि मी. समोरची बिल्डिंग इतकी जवळ आहे की त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की आमची आई गॅस बंद करायला उठते. ऊन हा प्रकार आमच्याकडे नाहीच. आतापर्यंत तीन तुळशी आणि एक कढीपत्ता माझ्या हातून गेलाय.

दोन वर्षांपूर्वी टोरांटोला चुलतभावाकडे गेलो होतो. त्याच्या तळघरात काळा तंबू, आत पांढरा दिवा, छोटा पंखा, टायमर आणि गांजाची चार झाडं. तिथे ते कायदेशीर आहे. मी कधी ओढलाच नाही असं म्हणणार नाही, पण खरं सांगतो, डोक्यात बसला तो दिवा. बाहेर बर्फ आणि आत पानं इतकी हिरवीगार!

माझ्याकडे एक लाकडी कपाट रिकामं आहे. त्यात तसंच एक रोप लावावं असा विचार आहे. एकच, स्वतःपुरतं, विकणं बिकणं नाही. मित्र म्हणतो एका रोपाला कोण विचारतंय. खरं आहे का? आणि सुरुवात करायला काय काय लागेल?

टग्या | १४ जून, रात्री ११:५२

पहिलाच धागा आणि त्यात थेट गुन्ह्याची कबुली. दंडवत स्वीकारा.

मूग_गिळणारा | १५ जून, सकाळी ७:१०

यात इतकं दचकण्यासारखं काय आहे? महाशिवरात्रीला भांग चालते, कुंभात साधूंच्या चिलमी चालतात, हिमाचलात रस्त्याच्या कडेला हे झाड गवतासारखं उगवतं. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये यावर आयोग नेमला होता, हजारावर साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल झाला, आणि शेवटी सांगितलं काय, तर बेताच्या सेवनाने फारसं बिघडत नाही, सरसकट बंदी नको. भाऊ कपाटात एक रोप लावतोय तर लावू द्या की.

वकीलबुवा | १५ जून, सकाळी ९:२५

मूग गिळणारे, आयोगाचं बरोबर आहे. पण भांडुपच्या कपाटाला १८९४ चा अहवाल लागू होत नाही, १९८५ चा एनडीपीएस कायदा (अमली पदार्थविरोधी कायदा) लागू होतो.

खिडकीपुरता, तुमच्या मित्राला सांगा की कलम ८ मध्ये गांजाच्या झाडाची लागवड करायला मनाई आहे आणि 'कुठलंही झाड' असे शब्द आहेत. शिक्षा कलम २०(अ) मध्ये : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. लोकांचा घोटाळा होतो तो इथे. ते म्हणतात एक किलोपर्यंत गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण', त्याला वर्षभराचीच शिक्षा. अहो, ते जवळ बाळगण्याबद्दल झालं, कलम २०(ब). लागवडीला अल्प, मध्यम, व्यापारी अशी प्रतवारीच नाही. एक रोप लावलं तरी लागवड आणि शेतभर लावलं तरी लागवड. 'स्वतःपुरतं' हा शब्द त्या कलमात कुठेही नाही.

आणि फ्लॅट आईच्या नावावर असेल तर कलम २५ एकदा वाचा. आपल्या जागेत असा गुन्हा चाललाय हे माहीत असून होऊ देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. आईला कपाट उघडायची सवय असेलच.

मूग_गिळणारा | १५ जून, सकाळी ९:४८

मग भांग? कायद्यातली गांजाची व्याख्या म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्यात. म्हणजे नुसत्या पानांसाठी लावलं तर चालेल?

वकीलबुवा | १५ जून, सकाळी १०:३०

प्रश्न चांगला आहे, नेहमी येतो. वगळलंय ते पान, झाड नाही. झाडाची व्याख्या वेगळी दिली आहे आणि लागवडीची बंदी झाडावर आहे. पानं तोडायला लावलंय की शेंडे, हे विचारण्याआधीच गुन्हा पुरा होतो. भांगेच्या विक्रीचं राज्याराज्यात वेगळं आहे, तो या धाग्याचा विषय नव्हे.

तंतूसाठी किंवा बियांसाठी सरकार कलम १४ खाली परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडात तशी औद्योगिक लागवड चालते, त्यातही नशेच्या घटकाला ०.३ टक्क्यांची मर्यादा. दुकानात हेंप सीडचं (याच झाडाच्या बियांचं) पाकीट दिसतं ते २०२१ पासून अन्न म्हणून मान्य झालंय म्हणून. त्यावरून लोकांना वाटतं आता सगळं मोकळं झालं. कॅनडात २०१८ पासून घरटी चार झाडं, जर्मनीत २०२४ पासून माणशी तीन. त्यांचे कायदे त्यांच्या विमानतळापर्यंत.

कायदा बदलावा असं माझंही मत आहे. पण मत आणि जामीन या वेगळ्या गोष्टी आहेत.

गिरगावच्या_काकू | १५ जून, दुपारी १:१५

बाळा, मी बासष्ट वर्षांची आहे आणि चाळीत चौदा कुंड्या ठेवून आहे, म्हणून अधिकाराने विचारते. ज्याच्या हातून तीन तुळशी गेल्या त्याने चौथ्यांदा काय लावावं? तुळसच ना? झाडाने तुझं काय वाकडं केलं होतं ते आधी शोध. किती पाणी घालायचास?

खिडकीपुरता | १५ जून, रात्री १०:०५

काकू, आई सकाळी घालायची, मी रात्री.

गिरगावच्या_काकू | १५ जून, रात्री १०:२०

झालं तर मग. बुडवून मारलीस, तीनही.

लोहारचाळ | १६ जून, सकाळी ८:००

काकूंना अनुमोदन. धागालेखकाचं वकीलसाहेबांनी समाधान केलंच आहे (की असमाधान?), तेव्हा गांजाचं सोडा, तुम्हाला लागलेलं दिव्याचं वेड मात्र पूर्ण कायदेशीर आहे. त्यावर बोलू. या संस्थळावर कोणी 'दिवे घ्या' म्हणालं की हलके घ्यायचं असतं. मी मात्र खरेच दिवे घ्या म्हणतोय.

पहिली गोष्ट. डोळा फसवतो. ट्यूबलाइट लावली की खोली आपल्याला लख्ख वाटते, झाडाच्या दृष्टीने ती अमावास्या असते. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं फुकट अॅप घ्या. अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो. बाहेर भर उन्हात लाखाच्या आसपास लक्स असतात. तुमच्या खिडकीत तीनशे-चारशे दिसले तर नवल नाही. लेट्यूससारख्या पालेभाजीला दहा ते पंधरा हजार लक्स, रोज चौदा-सोळा तास लागतात. मिरची, टोमॅटोला त्याच्या दुप्पट धरा. म्हणजे कढीपत्ता उपाशी होता आणि वर तुम्ही त्याला पाणी पाजत होतात. भुकेल्या माणसाला पाण्याचाच आग्रह करावा तसं.

दुसरी गोष्ट. जांभळे-गुलाबी दिवे घेऊ नका. झाडाला लाल आणि निळा जास्त लागतो हे खरं, पण चांगल्या पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलं तरी आपल्याला कळत नाही, आणि आख्ख्या सोसायटीला वाटतं यांच्याकडे बार उघडला. साध्या चार फुटी, २० वॅटच्या एलईडी बॅटन घ्या, ६५०० केल्व्हिनच्या. एक बॅटन साधारण २००० ल्युमेन देते. दोन बॅटन पानांपासून वीतभर उंचीवर टांगल्या तर चार फूट बाय एक फूट फळीवर सात-आठ हजार लक्स मिळतात. मेथी, पुदिना, मायक्रोग्रीन्स यांना पुरे. मिरचीला किमान चार बॅटन. कपाटाला आतून पांढरा रंग मारा, वाया जाणारा उजेड परत येतो. उंची मात्र पाळा. दिवा छताला लावून खाली रोप ठेवलं की ते बगळ्यासारखी मान काढतं आणि आडवं होतं.

वीज : चार बॅटन म्हणजे ८० वॅट, चौदा तास म्हणजे दिवसाला १.१२ युनिट, महिन्याला चौतीसच्या आसपास. स्लॅब ओलांडत असाल तर आधी बिल बघून घ्या. टायमरचा सॉकेट घ्या, हाताने चालू-बंद करायच्या भरवशावर राहू नका. एक्स्टेंशन बोर्ड कुंड्यांच्या खाली ठेवायचा नाही, वर खिळ्याला टांगायचा. घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवा. पाणी आणि वीज एका कपाटात आहेत, हे विसरू नका.

टग्या | १६ जून, सकाळी ८:२२

वाचनखूण साठवली. मुंबईत उन्हाला पर्याय म्हणून महिन्याला चौतीस युनिट, फ्लॅटच्या ईएमआयपेक्षा स्वस्तच.

खिडकीपुरता | १६ जून, रात्री ११:१५

वकीलबुवा, धन्यवाद. तो विषय बंद. आईचं नाव वाचल्यावर झोपच उडाली.

लोहारचाळ, उद्याच बॅटन आणायला जातो. माती कुठली? आणि काय लावू? काकू रागावणार नाहीत असं काहीतरी सांगा.

गिरगावच्या_काकू | १७ जून, सकाळी ६:५०

रागवत नाही रे. आधी मेथी लाव. घरातलेच दाणे भिजत घाल आणि ताटलीत पेर. आठ-दहा दिवसांत कापून डाळीत घाल. पहिल्या पंधरवड्यात काहीतरी खाल्लं पाहिजे, नाहीतर माणसाचा धीर सुटतो. मग भाजीवाल्याकडच्या पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेव, मुळं फुटली की लाव. मिरचीच्या नादी ऑगस्टनंतर लाग.

बागेतली लाल माती उचलून आणू नकोस. छोट्या कुंडीत ती वीट होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धं, गांडूळखत पाव, उरलेल्या पावात परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा भाताचं तूस. मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवलीस की दोन-तीन पाण्यातून काढ, कधी कधी खारट असते. पाच किलोची वीट एकदम फुगवायला बसू नकोस, बाथरूम भरेल. माझी भरली होती.

आणि पाणी कधी घालायचं हे बोटाने बघू नकोस, कुंडी उचल. कोरडी कुंडी हलकी लागते, ओली जड. चार दिवसांत हाताला कळायला लागतं. आईला आणि तुला मिळून एकच जण नेमा.

तळेगावकर | १७ जून, सकाळी ११:३०

काकूंचं मिश्रण उत्तम. एक भर घालतो. मुंबईचं पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं, पावसाचं साठवलेलं, म्हणून सौम्य. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमीच असतं. वर कोकोपीट स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतं. तेव्हा पुढे मिरची किंवा टोमॅटो लावाल तेव्हा नवी पानं वेडीवाकडी आली, टोमॅटोचं बूड काळं पडलं, तर रोग समजून फवारे मारत बसू नका. लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आठवड्यातून एकदा द्या. अंड्याची टरफलं घालणाऱ्यांनी घालावीत, पण ती विरघळेपर्यंत मिरचीचं आयुष्य संपतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर गणित उलटं, तिथे क्षार जास्त.

माझा धंदा शेवंतीचा आहे, पॉलिहाऊसमध्ये. दिव्याचं वेड लागलेल्यांसाठी शेवंतीसारखं दुसरं झाड नाही. कधी वेळ मिळाला की लिहितो.

खिडकीपुरता | ९ जुलै, रात्री १०:३०

प्रगतिपुस्तक : मेथी दोनदा कापली. आईने पहिल्यांदा डाळीत घातली आणि शेजारी वाटी पाठवली. वाटीत चार पानं होती, पण पाठवली.

मात्र तुळशीची बी टाकली होती, बोटभर रोपं आली, आणि परवा सकाळी बघतो तर निम्मी जमिनीलगत बारीक होऊन आडवी. जणू कोणी पाय कापले. शिवाय कपाटात चिलटं झालीत, आई पुन्हा कपाटाला गांजाच्या नजरेने बघायला लागली आहे. (हो, तिला सांगितलं.)

गिरगावच्या_काकू | १० जुलै, सकाळी ७:०५

मर रोग. जुलैत होतोच. पाऊस, दमट हवा, त्यात तुझं बंद कपाट. गेलेली काढून टाक, वाचलेल्यांना वरून पाणी घालू नकोस, ताटलीत घालून खालून शोषू दे, आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाक.

लोहारचाळ | १० जुलै, सकाळी ८:४०

आणि पंखा! भावाच्या तंबूत पंखा होता हे तुम्हीच धाग्याच्या सुरुवातीला लिहिलंय. सगळे दिव्याकडे बघतात, पंख्याकडे कोणी बघत नाही. संगणकातला जुना १२ व्होल्टचा पंखा जुन्या राउटरच्या १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालतो. पानं जेमतेम हलली पाहिजेत, एवढाच वारा. कपाटाची दारं दिवसा उघडी. बाहेरच नव्वद टक्के आर्द्रता असेल तर कपाट कोरडं होणार नाही, पण हवा पानावर साचून राहत नाही, बुरशीला तेवढं पुरतं.

चिलटांच्या अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात असतात. वरचा इंचभर थर सुकू द्या, पिवळे चिकट कागद लावा. दोन-तीन आठवडे लागतात, कारण आज मेलेलीची अंडी उद्या फुटतात.

मूग_गिळणारा | १० जुलै, सकाळी ९:१५

मी पण मेथी लावली आहे. कोणाला सांगू नका.

तळेगावकर | २ ऑगस्ट, रात्री ९:००

आज थोडी सवड आहे, शेवंतीचं लिहितो.

१९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड या दोघांनी दाखवलं की काही झाडं फुलतात ती थंडी-उन्हावर नाही, दिवस-रात्रीच्या लांबीवर. त्यांना कोडं पडलं होतं एका तंबाखूच्या जातीचं, उन्हाळाभर वाढत राहायची पण फुलायची नाही. दुपारीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली तर फुलली. पुढे कळलं की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. सलग अंधार लागतो. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पाडला की त्याच्या हिशेबी ती एक रात्र राहत नाही, दोन तुकडे होतात.

शेवंती तशीच. आम्ही रोप लहान असताना रात्री दिवे लावून तिला फुलू देत नाही, दांडा लांब होऊ देतो. मग दिवे बंद आणि गरज पडली तर काळं कापड, की कळ्या. मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा, म्हणून एरवी ती हिवाळ्यात आपोआप येते. तुमच्या हातात टायमर आहे, तुम्ही कपाटात डिसेंबर कधीही आणू शकता. बुटकी जात घ्या, कुंडीतली. चौदा तास उजेडात वाढवा, शेंडे खुडा म्हणजे भरगच्च होईल. मग दहा तास उजेड आणि चौदा तास ठार अंधार. अंदाजे तीन आठवड्यांत कळी दिसायला हवी.

खिडकीपुरता | ३ ऑगस्ट, दुपारी १२:१०

हे वाचून रात्री झोप लागली नाही. दादर फुलबाजारात कुंडीतली मिळत नाही ना? भायखळ्याच्या राणीच्या बागेत प्रदर्शन असतं ते फेब्रुवारीच्या सुमारास, तोवर थांबवणार नाही.

गिरगावच्या_काकू | ३ ऑगस्ट, दुपारी १:००

कुठल्याही नर्सरीत मिळेल. नाहीतर माझ्याकडून फुटवे घेऊन जा, येताना मेथी आण.

खिडकीपुरता | २१ ऑक्टोबर, रात्री ११:००

काकूंचे फुटवे लागले, तीन कुंड्या झाल्या. दोन महिने वाढवल्या, तीनदा खुडल्या. २५ सप्टेंबरला टायमर दहा तासांवर आणला.

मधली एक गंमत. सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवून आले. खालच्या मजल्यावरून तक्रार होती की आमच्या बेडरूममध्ये पहाटे पाचपासून 'संशयास्पद' उजेड असतो. मी घाबरून कपाट उघडलं. ते पुदिन्याकडे बघत राहिले, मग पुदिना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस बॅटनचा नंबर विचारायला आल्या.

आता अडचण. कपाटातल्या दोन कुंड्यांना कळ्या आल्यात, मुगाएवढ्या. तिसरी जागेअभावी बाहेर ठेवली होती, पण रात्री पडदे ओढून खोली पूर्ण अंधारी करतो. पहाटे दिवे लागायच्या आधी आई उठते, तिलाही बटण दाबायची बंदी आहे, बिचारी भिंत धरून स्वयंपाकघरात जाते. तरी तिसरीला काही नाही. नुसता पाला. जात एकच, खत एकच.

तळेगावकर | २२ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

तिसरी नेमकी कुठे आहे? रस्त्यावरचा दिवा पडद्याच्या फटीतून येतो का?

खिडकीपुरता | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

नाही, खिडकी दुसऱ्या बाजूला. देव्हाऱ्याशेजारी स्टुलावर आहे. तिथे फक्त देवाचा लाल झिरोचा बल्ब रात्रभर असतो, पण तो काय उजेड म्हणायचा?

लोहारचाळ | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

जुना काचेचा का? तो नावाला झिरो. पंधरा वॅट खातो.

तळेगावकर | २२ ऑक्टोबर, सकाळी ८:३१

आणि लाल! शेवंतीला रात्रभर जागं ठेवायला लाल उजेडासारखा दुसरा नाही. वीतभर अंतरावरून तुम्ही तिला महिनाभर झोपू दिलेलं नाही. कुंडी हलवा.

खिडकीपुरता | २२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

हलवली. आईला आधी विचारलं, बल्ब हलवू की कुंडी. तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

टग्या | २२ ऑक्टोबर, रात्री १०:०२

खिडकीपुरता, हा प्रश्न विचारायचा नसतो, हे कलम ८ च्याही आधीचं आहे.

खिडकीपुरता | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

तिसरीला कळ्या. अकरा मोजल्या. कपाटातल्या दोन्ही उमलल्यात, पिवळ्या. आईने त्यातली दोन फुलं देवाला वाहिली आणि बल्ब तिनेच बदलून आणला, एलईडीचा, अर्ध्या वॅटचा. लालच आणलाय.